सिंगापूर ते जकार्ता: पायथागोरस पुरतो तेव्हा

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजणारा हमखास फसतो, कारण पृथ्वी गोल आणि कागद सपाट. सिंगापूर–जकार्ता ही मात्र अशी जोडी आहे की तिथे शाळेतला पायथागोरससुद्धा जवळजवळ अचूक उत्तर देतो.

सिंगापूरचा चांगी विमानतळ विषुववृत्ताच्या १.३६ अंश उत्तरेला आहे, तर जकार्ताचा सुकर्णो-हत्ता विमानतळ ६.१३ अंश दक्षिणेला. मध्ये विषुववृत्त आल्यामुळे इथे वजाबाकी नाही, बेरीज करायची: ७.४९ अंश. (उत्तर-दक्षिण विसरलात तर जकार्ता थेट दक्षिण चीन समुद्रात जाऊन पडेल.) रेखांशांतला फरक २.६७ अंश.

अक्षांशाचा एक अंश जगात कुठेही साधारण १११ किलोमीटरचा. रेखांशाचं तसं नाही. सोललेल्या संत्र्याच्या फोडी बघा, मध्यावर रुंद आणि टोकांकडे निमुळत्या. रेखावृत्तंही ध्रुवांकडे अशीच एकमेकांजवळ येतात. म्हणून रेखांशाचा एक अंश मुंबईच्या अक्षांशावर सुमारे १०५ किलोमीटर भरतो, लंडनच्या अक्षांशावर तर जेमतेम ६९. विषुववृत्तापाशी तो जवळपास पूर्ण १११ असतो, त्यामुळे नकाशावरचे चौकोन तिथे खरोखरच चौरस असतात.

मग काटकोन त्रिकोण मांडा. एक बाजू ८३१ किलोमीटर, दुसरी २९६, कर्ण ८८२. प्रत्यक्षातलं अंतर ८८० च्या आसपास. वरचे दोन किलोमीटर आले कुठून? पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे, त्यामुळे विषुववृत्ताजवळ अक्षांशाचा अंश थोडा आखूड, ११०.६ किलोमीटरचा असतो. आपण तो १११ धरला.

अर्थात विमान काही कर्णावरून जात नाही. धावपट्टीची दिशा आणि ठरलेले हवाई मार्ग सांभाळावे लागतात. त्यात ढगांची भर. या पट्ट्यातले गर्जन्मेघ पंधरा किलोमीटरपेक्षाही उंच चढतात आणि प्रवासी जेट उडतं दहा-अकरा किलोमीटरवर. वरून जाणं शक्य नाही, म्हणजे वळसा आलाच.

खरी गंमत घड्याळाची. पावणेदोन तासांच्या वेळापत्रकाचं विमान सिंगापूरहून सकाळी दहाला निघालं, तर जकार्तात पोहोचतं पावणेअकराला. जकार्ता सिंगापूरच्या पूर्वेला आहे, तरी घड्याळ एक तास मागे! कारण खगोलीय नाही, सरकारी आहे. रेखांश पाहिला तर सिंगापूरने ग्रीनिचच्या सात तास पुढे असायला हवं. पण १९८२ च्या १ जानेवारीला मलेशियाने सबंध देशाची वेळ एक केली, द्वीपकल्पातली घड्याळं अर्धा तास पुढे सरकवली आणि सिंगापूरनेही त्याच्यामागोमाग आठ तासांची वेळ घेतली. तेव्हापासून सिंगापूरात सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी एकच्या सुमारास. जकार्तात मात्र अजूनही बाराच्या आसपासच.