पातीखालचा खवला

माडाच्या खालच्या झावळ्या पिवळ्या पडल्या की वाडीत पहिला संशय पाण्यावर जातो, मग खतावर. पात उलटून पाहणारे थोडे. पाहिलं तर कधीकधी खालच्या अंगाला कांद्याच्या पापुद्र्यासारखे गोल, पातळ ठिपके चिकटलेले दिसतात आणि प्रत्येक ठिपक्याखाली एक पिवळा जीव असतो. ही खवले कीड. शास्त्रीय नाव अस्पिडिओटस डिस्ट्रक्टर, म्हणजे ढालवाला विनाशक.

हे नाव 1869 साली फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ सिन्योरे यांनी दिलं. नमुने हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या माडांवरचे होते. ढाल म्हणजे तिची कातडी नव्हे. मेण आणि स्वतःच टाकलेली कात यांचं ते छप्पर असतं, टाचणीने अलगद उचललं की खालची कीड जागेवरच राहते. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा त्याला पाय असतात. ते थोडं चालतं, जागा धरतं, सोंड खुपसतं आणि मादी असेल तर पुन्हा कधीच हलत नाही. पाय जातात, पंख तर येतच नाहीत. पंख फक्त नराला.

पाय नाहीत, पंख नाहीत, मग ओळखायचं कशावरून? मादीच्या शेपटाकडच्या चपट्या भागावरून. त्याची कड दातेरी असते आणि ते दाते काचपट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखालीच मोजता येतात. त्यामुळे जुन्या अभ्यासकांची गल्लत होत राहिली. सिलोनात ग्रीन यांनी 1890 मध्ये चहावरच्या किडीला ‘ट्रान्सपेरेन्स’ म्हटलं, 1893 मध्ये न्यूस्टेड यांनी नारळावरचीला ‘कोकोटिस’. झाड बदललं की नाव बदललं, कीड मात्र एकच होती. पुढे ही सगळी नावं सिन्योरेंच्या नावात मिटवली गेली.

मला ही नावांची गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण तीच चूक आपण आजही वाडीत करतो. ‘माडाची कीड’ म्हटलं की नजर माडावरच राहते. ही कीड तर आंब्यावर जगते, केळीवर, पेरूवर, पपईवर, नीरफणसावर, मिरीच्या वेलावरही. कोकणी वाडीत ही झाडं एकमेकांच्या सावलीतच उभी असतात. रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राची लाखी बाग घ्या: माडाखाली केळ, माडाच्या खोडावर मिरी. ही रचना शेतकऱ्याच्या फायद्याचीच आहे, पण पात उलटायची तर खालच्या केळीचीही उलटायला हवी.

आंबेवाल्यांसाठी एक सांगायला हवं. तुडतुड्यांमुळे पानावर चिकटा येतो, त्यावर काजळी धरते, म्हणून नुकसान लांबून कळतं. ढालवाले खवले चिकटा सोडतच नाहीत. पानाच्या पेशींतला रस ओढतात, वरून फक्त पिवळे डाग दिसतात.

नावातल्या गोंधळाची किंमत फिलिपाइन्सने मोजली. तिथे 2010 च्या सुमारास माडांच्या बागाच्या बागा करपू लागल्या, तेव्हा प्रथम दोष डिस्ट्रक्टरला गेला. बारकाईने पाहिल्यावर ती तिची सख्खी बहीण, रिजिडस, निघाली. तिचं वर्णन रेने या कीटकशास्त्रज्ञांनी 1947 मध्येच सुलावेसीजवळच्या सांगी बेटावरून केलं होतं, तेही डिस्ट्रक्टरची उपजात म्हणून. रिजिडसच्या मादीची कातडी जास्त चिवट, पिढी पुरी व्हायला वेळ जास्त, आणि अंडी शरीराच्या मागच्या बाजूला अर्धवर्तुळात. डिस्ट्रक्टरची अंडी सगळ्या अंगाभोवती असतात.

आपल्याकडे ही कीड सहसा हाताबाहेर जात नाही. फिजीत गेली होती. तिथे 1928 मध्ये त्रिनिदादहून एक ढालकिडा, म्हणजे खवले खाणारा लेडीबर्ड भुंगेरा, नेऊन सोडला, तेव्हा माड वाचले. आपला राखणदार मात्र घरचाच. कायलोकोरस निग्रिटा हा काळा तुकतुकीत ढालकिडा मिरीच्या दाण्याहून जरा लहान असतो. 1930 च्या दशकात सेशेल्सने तो माडांवरच्या खवल्यांसाठी भारतातून नेला. त्याची काटेरी अळी पातीखाली खवल्यांमध्येच फिरते आणि तिलाच कीड समजून फवारा मारला जातो. शेजारच्या आंब्याच्या कलमांवर तुडतुड्यांसाठी मारलेलं औषध वाऱ्याने माडावर आलं, तरी आधी मरतो तो हाच, कारण तो उघड्यावर असतो आणि खवला ढालीखाली.