नेमबाजाची टक्केवारी किती खरी मानावी?

जून महिना जवळ आला की अमेरिकेतल्या बास्केटबॉलप्रेमींमध्ये एकच वाद रंगतो: येत्या ड्राफ्टमध्ये आपल्या संघाने कोणाला घ्यावे? एनबीए या तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे ३० संघ दोन फेऱ्यांमध्ये महाविद्यालयांतून आणि परदेशी लीगमधून नवे खेळाडू निवडतात आणि आदल्या हंगामात ज्या संघांची कामगिरी सुमार झाली, त्यांना सर्वसाधारणपणे आधी निवड करायला मिळते. भारतात या प्रकाराची मोठी बातमी झाली ती २०१५ मध्ये, पंजाबातल्या बल्लो के गावच्या सतनाम सिंगला डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या क्रमांकावर निवडले तेव्हा. चाहत्यांच्या या वादात उंची, हातांचा पल्ला, वय, स्वभाव असे सगळे मुद्दे येतात. पण शेवटचा शब्द म्हणून पुढे केला जातो तो बहुधा तीन गुणांच्या, म्हणजे दूरच्या रेषेबाहेरून मारलेल्या, फेकींच्या टक्केवारीचा आकडा. अमक्याची ४१ टक्के आहे, तमक्याची ३४, मग चर्चा कसली, असा सूर लागतो. हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण तो तसा नाही, आणि तो कुठे फसतो हे शोधू लागलो की आपण संख्याशास्त्रातल्या एका अत्यंत देखण्या कल्पनेपाशी जाऊन पोहोचतो.

२०१७ चा ड्राफ्ट उदाहरण म्हणून घेऊ. त्या वर्षी पहिला क्रमांक बोस्टन सेल्टिक्सकडे होता. ड्राफ्टच्या तीन दिवस आधी त्यांनी तो फिलाडेल्फियाला देऊन टाकला आणि बदल्यात तिसरा क्रमांक व भविष्यातली एक पहिल्या फेरीची निवड घेतली. फिलाडेल्फियाने वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मार्केल फुल्ट्झला निवडले, लॉस एंजेलिस लेकर्सनी यूसीएलएच्या लॉन्झो बॉलला आणि बोस्टनने ड्यूक विद्यापीठाच्या जेसन टेटमला. महाविद्यालयातल्या एकमेव हंगामात बॉलने तीन गुणांच्या १९४ फेकींपैकी ८० बास्केटमध्ये घातल्या होत्या, म्हणजे ४१.२ टक्के. टेटमने ११७ पैकी ४०, म्हणजे ३४.२ टक्के. या दोन आकड्यांवरून पाहिले तर बॉल हा उत्तम नेमबाज आणि टेटम जेमतेम बरा, असेच कोणीही म्हणेल. एनबीएतल्या पहिल्या हंगामात मात्र टेटमची टक्केवारी ४३.४ झाली आणि बॉलची ३०.५.

हे नशीब होते का? काही अंशी होतेच, आणि तो अंश मोजता येतो.

खेळाडूच्या अंगी एक खरे कौशल्य असते असे धरू. त्याने अगणित फेकी केल्या असत्या तर जी टक्केवारी स्थिरावली असती, ती ही संख्या. ती आपल्याला कधीच दिसत नाही. दिसतो तो केवळ शे-दीडशे फेकींचा नमुना. नमुन्यातली टक्केवारी खऱ्या संख्येभोवती किती हेलकावते, याचे माप म्हणजे प्रमाण त्रुटी. ती काढण्यासाठी यशाचे प्रमाण आणि अपयशाचे प्रमाण यांचा गुणाकार करायचा, त्याला फेकींच्या संख्येने भागायचे आणि वर्गमूळ घ्यायचे. टेटमसाठी ०.३४२ गुणिले ०.६५८, भागिले ११७. वर्गमूळ येते सुमारे ०.०४४, म्हणजे ४.४ टक्के. खरे कौशल्य बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना अशा दोन त्रुटींच्या आत असते, म्हणून टेटमची ‘खरी’ टक्केवारी २५ ते ४३ यांच्यामध्ये कुठेही असू शकत होती. बॉलची त्रुटी ३.५ टक्के. दोघांतला फरक ७ टक्क्यांचा, आणि त्या फरकाची स्वतःची त्रुटी ५.६ टक्क्यांची. एवढ्या पुराव्यावर एकाला दुसऱ्यापेक्षा निश्चितपणे चांगला नेमबाज ठरवणे संख्याशास्त्राच्या कोणत्याही मानदंडात बसत नाही.

मग आकडा टाकून द्यायचा का? मुळीच नाही, तो सुधारून घ्यायचा. आपण क्रिकेटमध्ये हे रोज करतो: रणजीतल्या पहिल्या तीन डावांत एखाद्याची सरासरी ९० झाली, तर तो चांगला फलंदाज आहे असे आपण म्हणतो, पण पुढेही ९० चीच सरासरी राखील असे कोणी म्हणत नाही. मनातल्या मनात आपण तो आकडा सर्वसाधारण फलंदाजाच्या सरासरीकडे ओढून घेतो. संख्याशास्त्राने हीच ओढ नेमकी किती असावी याचे गणित मांडले, आणि माझ्या मते गेल्या शतकातल्या सर्वांत आश्चर्यकारक निष्कर्षांपैकी तो एक आहे.

फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा फार उंच पालकांची मुले उंच असली तरी सरासरीच्या अधिक जवळ असतात, हे त्याने दाखवून दिले. ‘सरासरीकडे परतणे’ या कल्पनेचा उगम तिथला. पण खरा धक्का बसला तो १९५६ मध्ये. चार्ल्स स्टाइन या गणितज्ञाने सिद्ध केले की, तीन किंवा अधिक राशींचा अंदाज एकाच वेळी करायचा असेल, तर प्रत्येकीची निरीक्षित किंमत हाच तिचा अंदाज धरणे ही सर्वोत्तम पद्धत नव्हे. सगळ्या किमती एका सामाईक बिंदूकडे ठरावीक प्रमाणात आक्रसून घेतल्या तर अपेक्षित एकूण चूक कमीच होते. १९६१ मध्ये विलार्ड जेम्ससह त्याने हे आक्रसणे प्रत्यक्ष सूत्रात बसवले. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस यांनी १९७० च्या दशकात ते बेसबॉलवर लावून पाहिले. १९७० च्या हंगामातले १८ फलंदाज त्यांनी घेतले, ज्यांचे तेव्हा प्रत्येकी ४५ प्रयत्न झाले होते. रॉबेर्तो क्लेमेंतेचे यशस्वी फटक्यांचे प्रमाण होते ०.४००, थर्मन मन्सनचे ०.१७८, आणि सर्वांची सरासरी ०.२६५. सूत्राने क्लेमेंतेला ०.२९४ वर आणले आणि मन्सनला ०.२४७ वर नेले. उरलेल्या हंगामात प्रत्यक्षात क्लेमेंतेने ०.३४६ आणि मन्सनने ०.३१६ गाठले. अठराही जणांच्या चुकांच्या वर्गांची बेरीज केली तेव्हा आक्रसलेल्या अंदाजांची एकूण चूक कच्च्या आकड्यांच्या तुलनेत सुमारे साडेतीन पटींनी कमी निघाली.

क्लेमेंतेची ओळ पुन्हा वाचावी. त्याच्यासाठी कच्चा आकडा ०.०५४ ने जास्त होता आणि सुधारलेला ०.०५२ ने कमी. खरोखर असामान्य असलेल्या खेळाडूवर ही पद्धत अन्याय करते. एकूण चूक कमी करण्याची किंमत ती त्याच्याकडून वसूल करते. ड्राफ्टमध्ये तर संघ शोधत असतो तो नेमका असा एखादा क्लेमेंतेच. म्हणून सगळ्यांना एकाच सरासरीकडे ओढणे पुरेसे नाही, प्रत्येकाला त्याच्या योग्य सरासरीकडे ओढले पाहिजे. सगळी मेख इथे आहे.

आधी साधे आक्रसणे करून पाहू. समजा, चांगल्या महाविद्यालयीन नेमबाजांची सरासरी ३५ टक्के आहे आणि त्यांच्या खऱ्या कौशल्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे त्या सरासरीभोवतीचा पसारा, ४ टक्के आहे. (ही गृहीतके आहेत, हिशेब दाखवण्यापुरती.) ०.३५ गुणिले ०.६५ या गुणाकाराला ०.०४ च्या वर्गाने भागले की सुमारे १४२ मिळतात. सोयीसाठी १५० धरू. याचा अर्थ असा की, आपले पूर्वज्ञान १५० काल्पनिक फेकींच्या तोलाचे आहे. प्रत्येक खेळाडूच्या खात्यात ३५ टक्क्यांच्या दराने १५० फेकी जमा करायच्या, म्हणजे ५२.५ बास्केट. बॉलचे होतात ३४४ पैकी १३२.५, म्हणजे ३८.५ टक्के; टेटमचे २६७ पैकी ९२.५, म्हणजे ३४.६ टक्के. सात टक्क्यांची दरी चारांवर आली. या सूत्रात ज्याच्या फेकी कमी तो सरासरीकडे अधिक ओढला जातो, हे आपोआप घडते.

आता योग्य सरासरीचा प्रश्न. इथे मदतीला येतो तो फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारी मोकळी फेक, ज्याच्याकडे वादावादीत फारसे कोणी पाहत नाही. फ्री थ्रोचे अंतर नेहमी १५ फूट, समोर बचावपटू नाही, घड्याळाची घाई नाही, फेकीची निवड सोपी की अवघड हा प्रश्नही नाही. तीन गुणांच्या फेकीत हे सगळे मिसळलेले असते: एखाद्याला सहकारी मोकळ्या जागी चेंडू पुरवतात, दुसऱ्याला अंगावर धावून येणाऱ्या बचावपटूवरून मारावे लागते. दोन्ही फेकींत समान असते ती मनगटाची, कोपराची आणि सुटणाऱ्या बोटांची लय, आणि फ्री थ्रो तेवढेच मोजतो. म्हणूनच महाविद्यालयीन खेळाडू एनबीएत तीन गुणांच्या फेकी कशा मारील याचा अंदाज करताना विश्लेषक फ्री थ्रोला फार मान देतात.

टेटमने ड्यूककडून १३९ पैकी ११८ फ्री थ्रो यशस्वी केले होते, ८४.९ टक्के. बॉलने ९८ पैकी ६६, ६७.३ टक्के. फरक १७.६ टक्क्यांचा, आणि त्या फरकाची त्रुटी पुन्हा ५.६ टक्केच. तीन गुणांच्या बाबतीत फरक त्रुटीच्या सव्वापट होता. इथे तो तिपटीहून जास्त आहे. एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडणे फारच दुर्मीळ. आता ८५ टक्के फ्री थ्रो मारणाऱ्यांची तीन गुणांची सरासरी ३८ आणि ६७ टक्केवाल्यांची ३२ धरून (हेही गृहीतकच) तीच बेरीज पुन्हा केली, तर टेटम ३६.३ वर येतो आणि बॉल ३७.२ वर. म्हणजे ड्राफ्टच्या रात्रीच, एनबीएतला एकही सामना न पाहता, या दोघांच्या नेमबाजीत फरक करायला जागा नाही असे म्हणता आले असते.

टेटम पुढे निघून गेला याचे भाकीत हे गणित करत नाही, आणि ते केल्याचा आव मी आणणार नाही. टेटमचे ४३.४ टक्के हादेखील एका हंगामाचा नमुनाच होता. दुसऱ्या हंगामात तो ३७.३ वर आला. फुल्ट्झचे उदाहरण या सिद्धान्ताच्या बाजूने हिरिरीने दिले जाते, कारण त्याचेही तीन गुणांचे प्रमाण ४१.३ टक्के आणि फ्री थ्रोचे अवघे ६४.९ होते आणि एनबीएत त्याची फेक पार कोलमडली. पण त्याच्या खांद्याजवळच्या नसांवर दाब येत असल्याचे निदान नंतर झाले. दुखापतीला टक्केवारीच्या गणितात पुरावा म्हणून वापरणे चूक आहे.

योगायोगाला अर्थ चिकटवण्याची आपली सवय ड्राफ्टच्या आधीच सुरू होते. पहिला क्रमांक कोणाला हे लॉटरीने ठरते: यंत्रात १ ते १४ आकड्यांचे चेंडू असतात, त्यांतले चार काढले जातात आणि होणाऱ्या १,००१ जोडण्यांपैकी १,००० जोडण्या संघांमध्ये वाटलेल्या असतात. २०११ आणि २०१३ मध्ये क्लीव्हलंडच्या वतीने संघमालकाचा किशोरवयीन मुलगा समारंभाला बसला, दोन्ही वेळा पहिला क्रमांक लागला आणि त्याचा पायगुण चांगला अशी चर्चा झाली. अनेक संघांचे प्रतिनिधी आजही तावीज, नाणी आणि जुन्या जर्सी घेऊन मंचावर बसतात. प्रत्यक्षात चेंडू दूरचित्रवाणीवरच्या समारंभाआधी एका बंद खोलीत काढून झालेले असतात. मंचावरच्या कोणत्याही वस्तूचा निकालावर परिणाम होणे अशक्यच आहे. २०२५ मध्ये डॅलसला केवळ १.८ टक्के शक्यतेवर पहिला क्रमांक मिळाला, तेव्हा लगेच कटाचे आरोप झाले. पण १.८ टक्के म्हणजे सुमारे ५५ वेळांतून एकदा, आणि ही लॉटरी १९८५ पासून दरवर्षी होते. कमी शक्यतेचे कित्येक संघ रांगेत असताना त्यांपैकी कोणीतरी कधीतरी जिंकले नसते तर ते अधिक संशयास्पद ठरले असते.

या हिशेबात एक व्यावहारिक काळजी घ्यावी लागते. २०१७ मध्ये महाविद्यालयीन सामन्यांत तीन गुणांची रेषा ६.३२ मीटरवर होती. २०१९-२० च्या हंगामापासून पुरुषांसाठी ती आंतरराष्ट्रीय अंतराइतकी, ६.७५ मीटरवर नेली गेली. एनबीएत ती समोरून ७.२४ मीटरवर आणि कोपऱ्यांत ६.७ मीटरवर आहे. म्हणजे जुन्या खेळाडूंची सरासरी नव्यांसाठी आधारबिंदू म्हणून जशीच्या तशी वापरता येत नाही. उलट युरोपातून येणारा खेळाडू आणि अमेरिकी महाविद्यालयातला खेळाडू यांची तुलना आता पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. फ्री थ्रोची रेषा मात्र तिन्ही ठिकाणी जवळपास सारखीच आहे, म्हणून पुढच्या ड्राफ्टच्या वादात बसताना मी तोच रकाना आधी उघडतो आणि त्याच्या शेजारी एकूण किती फेकी झाल्या ते पाहतो.