ड्राय हर्ब व्हेपोरायझर: श्वास ओढण्याची पद्धत

ड्राय हर्ब व्हेपोरायझर म्हणजे वाळलेली वनस्पती न जाळता फक्त तापवायची आणि तिच्यातून सुटणारी द्रव्यं हवेबरोबर आत ओढायची, असं छोटं यंत्र. त्यात लॅव्हेंडर, कॅमोमाइल, निलगिरी वापरतात आणि जिथे कायद्याने परवानगी आहे तिथे गांजाही. तापमान साधारण 160 ते 220 अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात, 230 च्या वर गेलं की पाला करपायला लागतो आणि मग व्हेप वापरण्यात काही अर्थच उरत नाही.

जर्मनीतल्या स्टोर्झ अँड बिकेल कंपनीचं व्होल्कॅनो हे टेबलावरचं यंत्र 2000 साली बाजारात आलं, त्यात पंप गरम हवा ढकलून फुगा भरतो आणि माणूस नंतर तो फुगा आरामात ओढतो, म्हणजे कसंही ओढलं तरी वाफ आधीच तयार असते. खिशात मावणाऱ्या यंत्रात पंप नसतो, पंपाचं काम तुमची फुफ्फुसं करतात. नवीन माणसाची गडबड इथेच होते.

सिगारेट जोरात ओढली की निखारा जास्त पेटतो, त्यामुळे सवय असलेला माणूस व्हेपवरही तसाच जोरात झुरका मारतो आणि इथे नेमकं उलटं होतं: थंड हवा भराभर आत येते, हीटरला ती तापवायला वेळच मिळत नाही, चेंबर म्हणजे पाला भरायची जागा गार पडते आणि तोंडात जवळजवळ काहीच येत नाही. मग लोक तापमान वाढवतात, घसा जळतो, खोकला येतो आणि यंत्राला नावं ठेवतात. गरम हवेने पाला तापवणाऱ्या म्हणजे कन्व्हेक्शन प्रकारच्या यंत्रात हा फरक फार जाणवतो. कंडक्शनमध्ये चेंबरच्या भिंतीच पाला तापवतात म्हणून थोडं चालून जातं, पण घाई तिथेही महागच पडते.

नीट पद्धत अशी की यंत्र पूर्ण तापू द्यायचं, तापल्याची खूण मिळाली तरी अजून थोडं थांबायचं, आधी नेहमीसारखा श्वास सोडायचा (पोट आवळून सगळी हवा काढायची गरज नाही), ओठ माउथपीसवर सैल पण बंद ठेवायचे आणि दाट पेय बारीक नळीतून ओढतो तसं सावकाश, एकसारखं 8 ते 12 सेकंद ओढायचं. ओढ इतकी हळू हवी की आवाज जवळजवळ येऊ नये. शेवटी माउथपीस बाजूला करून थोडी साधी हवा आत घ्यायची, त्याने तोंडात राहिलेली वाफ खाली जाते आणि घशालाही गार वाटतं. ज्यांना थेट फुफ्फुसात ओढताना ठसका लागतो त्यांनी आधी तोंडात घेऊन मग श्वासाबरोबर आत न्यावं.

श्वास रोखून धरायची सवय मात्र सोडाच. गांजाच्या धुरावर झालेल्या प्रयोगांत जास्त वेळ रोखल्याने परिणामात फारसा फरक दिसला नाही, उलट चक्कर येते. एक-दोन सेकंद पुरे. आणि कमी तापमानाला सोडलेली वाफ डोळ्यांना दिसत नाही म्हणून काही मिळालंच नाही असं समजून लगेच पुढचा झुरका घेऊ नये, गांजा असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, पहिल्या एक-दोन झुरक्यांनंतर 10-15 मिनिटं थांबून बघावं. दम्याचा किंवा फुफ्फुसाचा त्रास असेल तर पद्धत कितीही चांगली असली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये, न जाळल्याने धुरातली बरीच घातक द्रव्यं टळतात पण म्हणून वाफ निरुपद्रवी ठरत नाही.

ओढताना फार जोर लागत असेल तर दोष श्वासाचा नसतो. पाला पिठासारखा बारीक दळला की किंवा दाबून ठासला की हवेला वाट राहत नाही, तो मध्यम दळून हलकाच भरावा. जाळीवर चिकट थर साचला असेल तर यंत्र थंड झाल्यावर ती सुटी काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच परत लावावी.

आपण कसं ओढलं ते शेवटी चेंबर उघडून उरलेल्या पाल्यावरून कळतं. सगळीकडे सारखा तपकिरी झाला तर ओढ बरोबर होती, मधे हिरवा आणि कडेला गडद निघाला तर घाई झाली किंवा मधेच एकदा ढवळायचं राहिलं, आणि काळा पडला असेल तर तापमान खाली आणावं लागेल.