फॅमिली रूम: खुर्च्यांची तोंडे कोणीकडे?

जुन्या फॅमिली रूमचे, म्हणजे अमेरिकी घरात घरच्यांनी रोज मिळून वापरायच्या खोलीचे, रूप पालटायला निघालेल्या माणसाला बहुधा एकच अडचण पहिल्यांदा भेटते: टीव्ही एका भिंतीवर, शेकोटी दुसऱ्या भिंतीत आणि स्वयंपाकघराकडचा मोकळा भाग तिसऱ्या बाजूला, मग सोफ्याने तोंड करायचे कोणीकडे? रंग, पडदे, गालिचा हे सारे या प्रश्नानंतर येते. हा पेच सजावटकाराच्या चुकीमुळे निर्माण झालेला नाही. ही खोली ज्या क्रमाने घडत गेली, त्या क्रमातूनच तो आलेला आहे आणि त्याची मुळे अमेरिकी घराच्या इतिहासात आहेत.

एकोणिसाव्या शतकातल्या मध्यमवर्गीय घरात पार्लर ही पाहुण्यांसाठी राखलेली खोली असे. जड पडदे, आच्छादलेले फर्निचर, पियानो आणि घरच्यांच्या तसबिरी असा तिचा थाट, आणि घरची मुले तिच्यात क्वचितच शिरत. विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्याविरुद्ध हवा फिरली. फर्निचर घडवणारे गुस्ताव्ह स्टिकली यांच्या ‘द क्राफ्ट्समन’ या १९०१ साली सुरू झालेल्या मासिकाने रोज वापरायच्या एकाच मोठ्या, साध्या खोलीचा पुरस्कार केला. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी शिकागोच्या १९१० मध्ये पूर्ण झालेल्या रोबी हाउसमध्ये बसण्याचा आणि जेवणाचा भाग यांच्यामध्ये भिंतीऐवजी शेकोटी ठेवली. पार्लर मागे पडून लिव्हिंग रूम आली खरी, पण काही वर्षांतच तीही पार्लरसारखीच जपली जाऊ लागली. जी खोली नीटनेटकी ठेवायची, तिथे मुलांचा पसारा चालत नाही. हा तिढा नाव बदलल्याने सुटला नाही.

दरम्यान घरातले नोकर कमी होत गेले आणि स्वयंपाकघर दाराआड ठेवण्याचे कारणच संपले. राइट यांनी विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे १९३७ मध्ये बांधलेल्या जेकब्स हाउसमध्ये स्वयंपाकाची जागा बैठकीला लागूनच उघडी ठेवली, म्हणजे काम करता करता घरात काय चालले आहे ते दिसावे. पुढच्या फॅमिली रूमचे ‘स्वयंपाकघराजवळ’ हे स्थान याच विचाराच्या ओघात ठरले, असे म्हणायला हरकत नाही.

मग १९४५ मध्ये जॉर्ज नेल्सन आणि हेन्री राइट या वास्तुकलेवर लिहिणाऱ्या दोघांचे ‘टुमॉरोज हाउस’ हे पुस्तक आले. (हे हेन्री राइट वेगळे, फ्रँक लॉइड राइट यांच्याशी गल्लत करू नये.) त्यात ‘निनावी खोली’ अशा अर्थाचे एक प्रकरण होते. लेखकांनी वर्णिलेली खोली मोठी, स्वयंपाकघराच्या जवळची, लहानथोर सर्वांनी मिळून वापरायची आणि दणकट सामानाची होती. तिला रूढ नाव नव्हते, कारण अशी खोली अजून रूढच झालेली नव्हती. याच जोडीने सुचवलेली ‘स्टोरेज वॉल’ म्हणजे दोन खोल्यांमधली भिंत पोकळ धरून तिचे कपाट करणे. त्याच वर्षी ‘लाइफ’ नियतकालिकात ती झळकली आणि नेल्सन यांना हर्मन मिलर या फर्निचर कंपनीत नेण्यास तीच कारणीभूत ठरली. आज टीव्हीभोवती छतापर्यंत जी कपाटे केली जातात, त्यांचे मूळ शोधायचे तर तिथवर जावे लागते. माझ्या मते या खोलीविषयीचा सर्वांत स्वच्छ विचार तिला नाव मिळण्याआधीच झाला होता: आधी पसारा कुठे जाणार ते ठरवा, शोभेचे नंतर पाहा.

प्रत्यक्ष बांधकाम मात्र वेगळ्याच गतीने झाले. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउन या एकसाची घरांच्या वसाहतीत १९४७ पासून उभी राहिलेली पहिली घरे जेमतेम ७५० चौरस फुटांची होती. जादा खोलीचा प्रश्नच नव्हता. तरीही १९४९ च्या नमुन्यात स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला आणि लिव्हिंग रूम मागच्या अंगणाकडे गेली, आणि १९५० च्या नमुन्यात जिन्याच्या भिंतीत टीव्ही बसवूनच घर मिळू लागले. त्या वर्षी अमेरिकेतल्या सुमारे ९ टक्के घरांत टीव्ही होता. १९६० पर्यंत दहातल्या जवळजवळ नऊ घरांत तो पोहोचला. पियानो आणि शेकोटी यांच्याभोवती अर्धवर्तुळात मांडलेल्या खुर्च्या या दहा वर्षांत टीव्हीच्या पेटीकडे वळल्या. घरे वाढली तशी टीव्हीचा गलबला लिव्हिंग रूमबाहेर न्यायला वेगळी खोली मिळाली आणि तिला फॅमिली रूम हे नाव चिकटले. मिशिगनमधील मन्रो येथे १९२० च्या दशकाअखेर तयार झालेली मागे रेलणारी खुर्चीही टीव्हीच्या काळातच घराघरांत गेली.

साठ-सत्तरच्या दशकांतली सजावट आज चेष्टेचा विषय असली, तरी तिच्यामागे हिशेब होता. गडद लाकडी छटेचे तयार प्लायवूड पॅनेल भिंतीवर ठोकले की हातांचे डाग दिसत नाहीत आणि रंगकामाचा खर्च वाचतो. लांब धाग्यांचा गालिचा जमिनीवर लोळणाऱ्या मुलांना मऊ लागतो. याच काळात पसरलेला दुसरा धागा म्हणजे खोलगट बैठक. इंडियानातील कोलंबस येथील मिलर हाउसमध्ये (१९५७) वास्तुविशारद एरो सारिनेन आणि सजावटकार अलेक्झांडर गिरार्ड यांनी बैठक जमिनीच्या पातळीखाली नेली आणि माणसांना पेटीऐवजी एकमेकांसमोर बसवले. तिची नक्कल बरीच झाली, पुढे पडण्याच्या भीतीने अनेक ठिकाणी ती बुजवलीही गेली.

त्या काळाने मागे ठेवलेल्या काही गोष्टी मात्र नूतनीकरणात जपूनच हाताळाव्या लागतात. अमेरिकेत घरगुती रंगातल्या विषारी शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, म्हणून त्याआधीच्या घरात जुना रंग घासण्यापूर्वी त्याची तपासणी करून घेतात. आणि जुन्या नऊ इंची चौरस फरश्यांत व त्यांच्या चिकटद्रव्यात ॲस्बेस्टॉस (श्वासावाटे फुप्फुसांना अपाय करणारे खनिज तंतू) असण्याचा संभव असल्याने त्या उखडण्यापेक्षा झाकून टाकणे अनेकदा बरे ठरते.

नव्वदच्या दशकापर्यंत स्वयंपाकघर, जेवण आणि बैठक एकत्र आणणारी ‘ग्रेट रूम’ सर्रास झाली आणि टीव्हीसाठी अवाढव्य कपाटे आली. ती जुन्या, पाठीमागे फुगीर संचांच्या मापाची होती. सपाट पडद्याचे टीव्ही आल्यावर ती निरुपयोगी ठरली आणि टीव्ही भिंतीवर, पुष्कळदा शेकोटीच्या वर चढला. सोफ्याचे तोंड कोणीकडे हा प्रश्न यामुळे मिटला, पण टीव्हीचा पडदा मानेला त्रास होईल इतका उंच गेला. लॉस एंजेलिसमधील ३२ कुटुंबांचा २००१ ते २००५ दरम्यान तेथील विद्यापीठाच्या संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा त्यांपैकी एका घराच्या गाजलेल्या नकाशावर माणसांचे ठिपके स्वयंपाकघर आणि फॅमिली रूममध्ये दाटलेले, तर जेवणाची औपचारिक खोली आणि ओसरी जवळजवळ रिकामी दिसली.

आता हातातल्या फोनच्या पडद्यांमुळे एकाच खोलीत चार जण चार दिशांना पाहत बसतात. म्हणूनच सध्याच्या मांडणीत लांबलचक सोफा टीव्हीकडे ठेवून समोर जागेवर फिरणाऱ्या दोन खुर्च्या देतात: स्वयंपाकघरातून कोणी बोलले की त्या तिकडे वळतात, आणि चित्रपट लागला की परत.