दोन बटणांचा दिवा

एक पेटी. तिच्यावर काही ठोकळे ठेवले की ती उजळते, गाणं वाजतं. काही ठेवले तर ढिम्म. ज्यांच्यामुळे पेटी चालते ते ‘ब्लिकेट’. शब्द मुद्दाम निरर्थक, म्हणजे आधीचं ज्ञान कुणाच्याच उपयोगी पडू नये. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन गॉपनिक आणि डेव्हिड सोबेल यांनी २००० साली या पेटीवरचं काम प्रसिद्ध केलं. नंतर क्रिस्टोफर लुकास, गॉपनिक आणि सहकाऱ्यांनी तिच्यासमोर चार-पाच वर्षांची मुलं आणि विद्यापीठातले विद्यार्थी अशा दोघांनाही बसवलं. हे निष्कर्ष २०१४ साली आले.

आधी दाखवलं की क, ख, ग यांतला एकेक ठेवला तर पेटी गप्प, पण क आणि ग जोडीने ठेवले की चालू. मग नवे ठोकळे आणले. ट एकटा तीनदा ठेवला, काही नाही. ठ एकटा, काही नाही. ट आणि ड एकत्र ठेवले, पेटी वाजली. पुन्हा ठेवले, पुन्हा वाजली. ड एकटा ठेवून दाखवलाच नाही. आता ब्लिकेट कोणते?

मुलं बहुधा ट आणि ड दोन्ही सांगत. मोठ्यांचा कल एकट्या ड कडे. ट तीनदा नापास झालाय ना! पण जोडीच लागत असेल, तर ट च्या एकट्याच्या अपयशातून काहीच सिद्ध होत नाही. जोडीचा नियम नुकताच डोळ्यांसमोर घडूनही मोठ्यांनी तो पुढे नेला नाही.

याचा अर्थ मुलं जास्त हुशार असा नाही. एक बटण, एक दिवा हा मोठ्यांचा अनुभव बहुतेक वेळा खरा ठरतो आणि वेळ वाचवतो. फक्त तो इतका मुरलेला असतो की समोरचा पुरावा त्याला हलवू शकत नाही. घरात जोडीची कारणं कमी नाहीत. दूध कोमट पण विरजण नाही, दही लागत नाही. विरजण घातलं पण दूध फ्रिजमधलं गार, तरी लागत नाही. दोष मात्र आपण लगेच विरजणाला देतो.

हे घरी करून बघता येतं. बुटाचा खोका घ्या, वर साधारण दहा-दहा सेंटिमीटरवर चार पुश स्विच बसवा. आत दोन पेन्सिल सेल एकामागोमाग (३ व्होल्ट), १०० ओहमचा रेझिस्टर आणि लाल एलईडी. हे सगळं आणि पहिला, तिसरा स्विच एकाच तारेत एकापुढे एक जोडा. दुसरा आणि चौथा नुसते दिसायला. तारा पिळून जोडा, सोल्डर नको, नंतर बदलायच्या आहेत. दिवा लागला नाही तर आधी एलईडी उलटा आहे का बघा. लांब पाय धन टोकाकडे हवा. स्विच चार पायांचा असेल तर त्याचे दोन-दोन पाय आतून आधीच जोडलेले असतात. चुकून तीच जोडी वापरली तर तो स्विच कायमचा चालू राहतो, एकाच बटणावर दिवा लागतो आणि सगळा खेळच संपतो. म्हणून तिरपे समोरासमोरचे पाय घ्या. बटण सेल अजिबात वापरू नका, मुलाने गिळला तर अन्ननलिका भाजते. खोका चिकटपट्टीने बंद करा.

पुढचं काम सगळ्यांत अवघड: गप्प बसणं. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ साली मुलांना नळ्यांचं एक खेळणं दिलं. नळी ओढली की चिरका आवाज, शिवाय छोटा दिवा, सूर, आरसा अशा लपलेल्या करामती. ‘हे कसं चालतं ते दाखवते’ म्हणून नळी ओढून दाखवली, तर मुलं बहुतांशी तेवढंच करत राहिली. तोच आवाज जणू चुकून झाल्यासारखा आला, तेव्हा त्यांनी बाकीच्याही करामती शोधल्या. मुलांचा तर्क चोख होता: माहीत असलेल्या माणसाने एकच गोष्ट दाखवली, म्हणजे बहुधा एकच असणार.

तेव्हा खोका जमिनीवर ठेवा, ‘बघूया काय होतं’ एवढंच म्हणा आणि मूल कोणती बटणं कोणत्या क्रमाने दाबतं ते कागदावर टिपा. एकेकटी बटणं चार, जोड्या सहा. म्हणजे दहा प्रयत्नांत सगळं तपासून होतं. चौथ्यालाच ‘बिघडलाय’ म्हणणारा बहुधा मोठा माणूस असतो. उत्तर सापडलं की तारा दुसऱ्या जोडीवर हलवा. या वेळी जोडी मुलाला ठरवू द्या आणि बटणं तुम्ही दाबा.