माशांच्या टाकीत गोगलगायी झाल्यात? औषधाची बाटली उघडण्याआधी एवढं वाचा

टाकीत नवीन पाणरोपं लावून तीन-चार आठवडे झाले की आमच्या दुकानात फोन येतो, "काचेवर काहीतरी चालतंय." बहुतेक वेळा त्या गोगलगायी असतात. त्या रोपांबरोबर येतात. आम्ही धुऊन-तपासून दिलेल्या रोपांबरोबरही येऊ शकतात, हे आधीच कबूल करतो. पानाच्या पाठीला डिंकाच्या थेंबासारखा पारदर्शक लपका आणि त्यात बारीक ठिपके दिसले, तर ती अंडी समजा. नुसत्या पाण्याच्या धारेने तो लपका सुटत नाही, नखाने खरवडावा लागतो.

आपल्याकडे कोणती गोगलगाय आली आहे, ते आधी ओळखा. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरल्यावर उघडी बाजू डावीकडे आली, तर ती ब्लॅडर. घड्याळाच्या स्प्रिंगसारखी चपटी गुंडाळलेली ती रॅम्सहॉर्न. या दोन्ही उभयलिंगी असतात आणि काचेवर, पानांवर अंडी घालतात. तिसरी ट्रम्पेट, उभट आणि निमुळती. ती दिवसभर मातीत असते, अंडी न घालता थेट पिल्लं देते आणि तिला नराचीही गरज पडत नाही. म्हणजे टाकीत एक आली तरी पुरते. तुमच्या टाकीत ट्रम्पेट किती आहेत हे पाहायचं असेल, तर दिवे बंद करून दोन तासांनी टॉर्च मारा. आकडा पाहून दचकू नका. तळाची माती सैल ठेवण्याचं काम त्याच करत असतात.

यातली कुठलीही गोगलगाय सहसा धडधाकट रोप खात नाही. पानाला भोक दिसतं आणि त्यावर गोगलगाय बसलेली असते, म्हणून आळ तिच्यावर येतो. खरं तर पान आधीच पोटॅशियमच्या कमतरतेने किंवा म्हातारं होऊन सडलेलं असतं, ती फक्त ते साफ करायला आलेली असते.

गोगलगायी भराभर वाढतायत याचा अर्थ त्यांना कुणीतरी जेवू घालतंय. ते कुणीतरी म्हणजे, माफ करा, बहुधा तुम्हीच. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच खाद्य टाका. पिवळी पानं देठापासून कापा, पाणी बदलताना सायफनची नळी तळाच्या गाळावरून फिरवा. आणि रोज रात्री सापळा लावा. काकडीची चकती उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून मऊ करा, स्टीलच्या काट्याला टोचा आणि टाकीचे दिवे बंद केल्यावर तळाशी सोडा. सकाळी दिवे लागण्याआधी, चकतीवर गर्दी असतानाच, अलगद वर काढा. उशीर केलात तर चकती रिकामी मिळेल. दोन आठवडे हे नेमाने केलं आणि खाद्य आवरलं, तर संख्या उतरते. शून्यावर येत नाही, आणि तशी गरजही नसते.

तांबं असलेलं गोगलगायनाशक आम्ही विकत नाही. सुरुवातीच्या काळात एका टाकीत आम्हीच ते वापरलं होतं. दोन दिवसांत काच स्वच्छ झाली आणि आम्ही खूश झालो. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं, मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. ट्रम्पेट मातीतच मेल्या होत्या, त्या कुजून पाण्यात माशांना विषारी असलेला अमोनिया चढला होता. शिवाय तांबं मातीत मुरून राहतं, त्यामुळे श्रिंपसाठी (टाकीत पाळायच्या छोट्या कोळंबीसाठी) ती टाकी धोक्याचीच झाली. त्या वेळी लागोपाठ बदललेल्या पाण्याच्या बादल्या अजून आठवतात.

"गोगलगायी खाणारा मासा द्या" असंही विचारलं जातं. क्लाऊन लोच खातो खरा, पण तो फूटभर वाढतो आणि त्याला कळप लागतो. छोट्या टाकीसाठी आम्ही तो देत नाही. असॅसिन गोगलगाय चालते. ती इतर गोगलगायी खाते आणि तिची वाढ सावकाश होते. मात्र शोभेची नेराइट गोगलगाय पाळली असेल, तर तीही तिच्या तावडीतून सुटेलच असं नाही.

आता किडे. पाण्यात वळवळत पोहणारे पांढरे दोरे म्हणजे गाळातले जंत. काचेवर टुणटुणणारे ठिपके म्हणजे सूक्ष्म कवचधारी जीव. दोन्ही निरुपद्रवी, दोन्ही जास्त खाद्याची खूण. काचेवर सपाट सरकणारा, डोकं बाणाच्या टोकासारखं आणि त्यावर दोन डोळे असलेला किडा मात्र प्लॅनेरिया. तो श्रिंपच्या पिल्लांना धोका आहे. त्याला चिरडू नका, तुकड्यातून नवा किडा तयार होतो. हायड्रा देठासारखा चिकटलेला असतो आणि टोकाला तंतू असतात. बोट लावलं की आकसून गोळा होतो.

प्लॅनेरिया आणि हायड्रा या दोघांवर फेनबेंडाझोल हे जंतनाशक किंवा सुपारीच्या अर्काचं औषध चालतं. प्रमाण लेबलवर दिलंय तेवढंच, 'थोडं जास्त' नाही. नेराइट आणि मोठ्या शोभेच्या गोगलगायी आधी दुसऱ्या टाकीत हलवा. औषधाचा अंश मातीत रेंगाळतो, म्हणून त्यांना लगेच परत सोडू नका. चतुराची अळी दिसली तर औषधाच्या फंदात न पडता चिमट्याने तेव्हाच उचला. ती माशांची पिल्लं फस्त करते.

पुढची रोपं आणाल तेव्हा टिश्यू कल्चरचा कप (प्रयोगशाळेत निर्जंतुक वाढवलेलं, बंद कपातलं रोप) घेतलात, तर प्रश्नच मिटतो. कुंडीतलं रोप असेल तर बिनवासाचं साधं ब्लीच 1 भाग आणि पाणी 19 भाग, त्यात फार तर 2 मिनिटं बुडवा. मग भरपूर धुवा आणि क्लोरीन काढणाऱ्या द्रावणात ठेवा. हातमोजे घाला, ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नका. हे अनुबियाससारख्या जाड पानांसाठी आहे. मॉस, व्हॅलिस्नेरिया, कबोंबा यांना ते सोसत नाही. ती वेगळ्या बादलीत दोन-तीन आठवडे ठेवून नजर ठेवा.

ओळख पटत नसेल, तर फोन करण्याआधी काचेला मोबाइल टेकवून, टॉर्च बाजूने धरून फोटो काढा. खाद्य दिवसातून किती वेळा टाकता तेही लिहून ठेवा. आमचा पहिला प्रश्न तोच असतो.