ख्रिस्ती धर्म आणि दारू

दारू प्यावी की नाही यावर सगळ्या ख्रिस्ती लोकांचं एकच मत असं काही नाहीये. बायबलमध्ये सरसकट बंदी नाही पण पिऊन झिंगणं चूकच, इथपर्यंत बहुतेक सगळे एकत्र असतात, भांडण आहे ते पहिल्या घोटावरून.

मराठीत त्यात अजून एक गंमत आहे. मराठी बायबलमध्ये वाईनला द्राक्षारस म्हणतात आणि द्राक्षारस म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर ज्यूसचा ग्लास येतो, त्यामुळे येशूने तर साधा रसच बनवला होता असं म्हणणारेही भेटतात. पण बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 2ऱ्या अध्यायातली काना गावच्या लग्नाची गोष्ट नीट वाचा. द्राक्षारस संपतो, येशू सहा दगडी रांजण पाण्याने भरायला लावतो (एकेक साधारण 80 ते 120 लिटरचा, करा हिशेब) आणि मग भोजनकारभारी तो चाखून नवरदेवाला म्हणतो की लोक चांगला आधी वाढतात, पाहुणे भरपूर प्यायले की मग हलका काढतात, तू तर उलटंच केलंस. ज्यूसबद्दल असं कोण बोलेल? नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यात (म्हणजे कातडी पिशवीत) घातला तर बुधले फुटतात हा दाखलाही आहेच, न आंबणाऱ्या रसाने कशाला फुटतील.

न पिणाऱ्यांकडेही वचनं आहेत. पौल (ज्याची पत्रं बायबलमध्ये आहेत तो प्रेषित) इफिसकरांना सांगतो द्राक्षारसाने धुंद होऊ नका, आणि तोच पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला पोटासाठी थोडा घे म्हणतो! माझ्या मते न पिणाऱ्यांचा खरा मुद्दा पौलाच्याच रोमकरांस पत्राच्या 14व्या अध्यायात आहे, तुझ्या पिण्याने भाऊ अडखळत असेल तर न प्यायलेलं बरं. ज्या घरात एखादा बाटलीपायी वाया गेलाय तिथे हे वेगळं समजवावं लागत नाही.

कॅथलिक मिस्सामध्ये (भाकर आणि वाईन घेऊन होणाऱ्या चर्चमधल्या उपासनेत) द्राक्षांचीच खरी वाईन लागते, त्यात फादर थोडंसं पाणी घालतात. मेथडिस्ट वगैरे प्रोटेस्टंट मंडळींनी मात्र 19व्या शतकात दारूविरोधी चळवळ उचलून धरली. 1869 मध्ये अमेरिकेत थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट डेंटिस्टने द्राक्षाचा रस तापवून न आंबवता टिकवला, तोही प्रभुभोजनासाठीच (भाकर-द्राक्षारसाचा हाच विधी प्रोटेस्टंटांकडे), पुढे त्याचा मोठा धंदा झाला ते वेगळं. पंडिता रमाबाई 1886 ते 88 अमेरिकेत होत्या तेव्हा त्यांचा याच चळवळीतल्या बायकांशी जवळचा संबंध आला. सॅल्व्हेशन आर्मी आणि सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट हे प्रोटेस्टंट पंथ तर दारूला हातच लावत नाहीत.

उलट गोव्यात कितीतरी कॅथलिक घरांत काजूची फेणी असतेच, कधी पाहुण्यांसाठी, कधी सर्दी झाली म्हणून नि कधी पोट बिघडलं म्हणून, म्हणजे तीमथ्याचंच औषध, फक्त जरा कडक.